मोटेचा नाडा आणि इंजिनाचा पट्टा

सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेकडे उतरू लागले, की आहुपे-भीमाशंकराच्या रानातील धुवाधार पावसाचा प्रदेश थोड्याच कोसांत मागे पडतो आणि पेरणी करावी ती आभाळाच्या भरवशावर, पण पीक तडीस न्यावे ते विहिरीच्या आधाराने, असा ज्या मुलखातील कुणब्याचा पिढीजात शिरस्ता आहे, त्या आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात आपण येऊन पोहोचतो. महाळुंगे पडवळ हे गाव याच पट्ट्यातले. महाराष्ट्राला या गावाचे नाव ठाऊक झाले ते हुतात्मा बाबू गेनू सैद यांच्यामुळे. 1908 साली येथे जन्मलेला हा कुणब्याचा मुलगा मुंबईस जाऊन गिरणीकामगार झाला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीपुढे आडवे होऊन त्याने देह ठेवला. घाटमाथ्याखालच्या या गावांतून मुंबईच्या गिरण्यांकडे जी माणसे गेली, त्यांना वाफेच्या व विजेच्या यंत्रांचा सहवास आधी तेथे घडला; त्यांच्या मागे राहिलेल्या शेताच्या विहिरीवर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे बैलांची जोडी धावेवरून खाली उतरत होती आणि पाऊल मागे घेत पुन्हा वर चढत होती. त्या बैलांची जागा इंजिनाने, व पुढे विजेच्या मोटारीने, कशी घेतली आणि या अदलाबदलीत बळ मोजण्याचे एक जुने व अत्यंत शहाणे माप आपल्या व्यवहारातून कसे नाहीसे होत गेले, हा या लेखाचा विषय आहे.

पाणी उचलणाऱ्या यंत्रांचा धंदा या प्रदेशात किती जुना आहे, याची साक्ष जुन्नरच्या उत्तरेस नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत कोरलेली आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एका शिलालेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवल्याचा उल्लेख असून त्या श्रेणींत ओदयंत्रिकांची, म्हणजे पंडितांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे जलयंत्रे करणाऱ्या कारागिरांची, आणि तिलपिषकांची, म्हणजे तेल गाळणाऱ्यांची, अशा दोन श्रेणी आहेत. पाणी वर काढणारा आणि तेल गाळणारा हे दोघे एकाच लेखात शेजारी यावेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण जनावराच्या सावकाश पण प्रचंड ओढीचे रूपांतर उपयुक्त कामात कसे करावे, हीच दोघांची विद्या होती. पुढे मराठेशाहीच्या दप्तरांत जमिनीची प्रतवारी लावताना जिरायत आणि बागायत हा भेद केला जाई, आणि बागायतीत पुन्हा पाटाच्या पाण्यावर भिजणारे ते पाटस्थळ व विहिरीच्या पाण्यावर भिजणारे ते मोटस्थळ, असा पोटभेद असे. नवी जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल देऊन पहिली काही वर्षे हलका व पुढे क्रमाने चढता सारा लावण्याची तजवीजही होती. ज्या अर्थी मोटेच्या नावानेच जमिनीची जात सरकारदरबारी ओळखली जात होती, त्या अर्थी मोट हे केवळ अवजार नव्हते, महसुलाचा तो एक पाया होता.

मोटेची रचना आजच्या तरुण वाचकाने पाहिलेली नसण्याचाच संभव अधिक, म्हणून तिचे वर्णन जरा विस्ताराने करतो. विहिरीच्या काठावर वडवानाच्या आधाराने लाकडी चाक बसविलेले असे. त्यावरून जाड नाडा खाली विहिरीत उतरे व त्याच्या टोकाला चामड्याची मोट बांधलेली असे. मोटेच्या बुडाशी चामड्याचीच एक लांब सोंड असून ती सोल नावाच्या दुसऱ्या, बारीक दोराने दुमडून वर धरलेली राही, आणि मोट काठावर आली की सोल अशा बेताने सैल पडे, की सोंड आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, उघडून सारे पाणी कोणाचा हात न लागता पाटाला लागे. इकडे विहिरीपासून दूर जाणारी उतरती धाव असे, तिच्यावरून जूला नाडा बांधलेली बैलजोडी खाली जाई व मोट वर येई. धाव सपाट न ठेवता उतरती ठेवण्यात जुन्या माणसांचे जे शहाणपण आहे, ते हिशेब केल्यावाचून ध्यानात येत नाही. जोडीचे वजन 800 किलो आणि धावेचा उतार आठास एक असा धरला, तर जनावरांच्या नुसत्या वजनातूनच सुमारे 100 किलोची ओढ नाड्याला मिळते आणि भरलेल्या मोटेच्या भारापैकी उरलेला भागच काय तो स्नायूंनी ओढावा लागतो. जुन्या मोटकऱ्यांनी गणित मांडले नसेल. पण धावेचा उतार अमुक इतकाच असावा, याहून अधिक झाला तर परत चढताना बैल थकतात आणि कमी झाला तर उतरताना मोडतात, हे त्यांना जनावराच्या दमावरून कळत होते.

आता हिशेब पुढे नेऊ. मोटेत 150 लिटर पाणी, विहिरीची खोली 10 मीटर, आणि भरणे, ओढणे, रिती करणे व परत सोडणे हे सारे एका मिनिटात आटोपते, असे समजू. दर मिनिटास 150 किलो वजन 10 मीटर उचलले, म्हणजे 1500 किलोग्रॅम-मीटर काम झाले; एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटास सुमारे 4560 किलोग्रॅम-मीटर; तेव्हा मोटेची सरासरी शक्ती एका अश्वशक्तीच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच भरते. हा आकडा पाहून इंजिनाच्या विक्रेत्याने मोटेला हसावे, हे उघड आहे. परंतु त्या मिनिटापैकी प्रत्यक्ष ओढीचे सेकंद वीसच आहेत, आणि तेवढ्या वीस सेकंदांत तीच जोडी पुरी एक अश्वशक्ती, किंबहुना चामड्याचे वजन व चाकाचे घर्षण धरले तर त्याहून थोडी अधिक, खर्च करीत असते. सरासरी काढली की हे बळ नाहीसे होते; नाड्याला मात्र ते पुरेपूर जाणवते. ओढ किती आणि किती झपाट्याने, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर बलात मिळते, यंत्र फिरते असेल तर ज्याला शास्त्रात परिबल व कारखान्यांतून टॉर्क म्हणतात त्यात मिळते; आणि या पहिल्या उत्तराला वेगाने गुणले म्हणजे दुसरे उत्तर, म्हणजे शक्ती, हाती येते.

अश्वशक्तीचे माप ज्याने घालून दिले, त्या जेम्स वॉटने ते काढले तेही अशाच फिरत्या जनावरावरून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेत घोड्यांकडून घाण्यासारखी चक्रे फिरवून घेत. 12 फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला 144 फेरे घालणारा घोडा 180 पौंडांची ओढ देतो, असे धरून वॉटने मिनिटाला 32,500 च्या वर फूट-पौंड काम होते असा हिशेब केला व पूर्ण आकडा म्हणून 33,000 स्वीकारला. या मापाच्या पोटात परिबल आधीपासूनच बसलेले आहे, याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. 180 पौंड ओढ आणि 12 फूट दांडा, म्हणजे 2160 फूट-पौंडांचे परिबल. वेग मात्र मिनिटाला अडीच फेऱ्यांहूनही कमी. आपल्याकडील गुऱ्हाळात उसाच्या चरकाभोवती लांब दांडा ओढीत फिरणारी बैलजोडी याच कुळातली. चरकाच्या लाटांमध्ये उसाची जाड कांडी शिरली, की तिला चिरडण्यास लागणारा जोर एकदम वाढतो. त्या क्षणी बैल पाऊल आखडता घेतो, मान खाली घालतो, खुर रोवतो आणि नेहमीच्या कितीतरी पट ओढ देऊन तो अडथळा पार करतो. भार वाढताच वेग आपण होऊन कमी करणे व ओढ आपण होऊन वाढविणे, हा जनावराचा उपजत गुण आहे, आणि हाच गुण लोखंडात उतरविण्यासाठी यंत्रविशारदांनी पुढे शतकभर खटपट केली.

बैलाबैलांतही ओढ आणि वेग यांचा हा भेद होताच. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, पावसाळी भागात डांगी बैलाची महती. तो संथ, पण चिखलात न खचणारा आणि ओझ्याला न डगमगणारा. पूर्वेकडे आणि विशेषतः यात्रेतील गाड्यांसाठी खिल्लाराची चाल. त्याचे मोल वेगात. आंबेगाव, जुन्नर व खेड या तालुक्यांत ग्रामदैवतांच्या यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे पळतात, बारी सेकंदांत मोजली जाते, आणि जिंकणाऱ्या बैलाचे नाव पंचक्रोशीत वर्षभर घेतले जाते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या व 18 मे 2023 च्या निकालाने राज्याचा सुधारित कायदा मान्य होऊन त्यांना अधिकृत मोकळीक मिळाली. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच नोंदवितो, की घाटात पळणारा बैल कोणी मोटेला जुंपीत नसे आणि मोटेचा बैल कोणी घाटात उतरवीत नसे. दोघांच्या शक्तीचा आकडा कदाचित सारखाही आला असता. गावाला तो आकडा ठाऊक नव्हता, पण कामाची जात ठाऊक होती.

या व्यवस्थेत इंजिनाचा प्रवेश झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1888 साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगर केला, लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीशी झुंज दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली, ही कथा मराठी वाचकांना सुपरिचित आहे. साताऱ्याकडे कूपर यांच्या कारखान्यात 1930 च्या दशकात देशी डिझेल इंजिन तयार झाले, आणि 1946 साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. तत्पूर्वी बड्या बागायतदाराच्या विहिरीवर जे इंजिन दिसे ते बहुधा विलायती असे. डर्सलीच्या लिस्टर कंपनीने 1930 मध्ये काढलेले पाच अश्वशक्तीचे संथ इंजिन मिनिटाला अवघे 600 फेरे घेई. दोन्ही बाजूंना अवजड चक्रे, एकच सिलिंडर, आणि दर दोन फेऱ्यांत स्फोट एकच. त्या एका स्फोटाचा झटका साठवून ठेवून उरलेल्या वेळात तो सावकाश परत देण्याचे काम ती चक्रे करीत. पुढे देशी कारखान्यांतून जी इंजिने सर्वत्र पसरली, त्यांतील अनेक पाचच अश्वशक्तीची, पण 1500 फेऱ्यांची. वजनाने हलकी, किमतीने परवडणारी, बैलगाडीत घालून एका विहिरीवरून दुसरीवर नेता येतील अशी.

दोन्हींच्या अंगावरचा आकडा एकच: पाच. पण गणित काय सांगते? 600 फेऱ्यांच्या इंजिनाच्या दांड्यावर सुमारे 44 फूट-पौंड परिबल मिळते, 1500 फेऱ्यांच्या दांड्यावर जेमतेम साडेसतरा. म्हणजे जुने इंजिन अडीच पट जोराने पीळ देते आणि नवे अडीच पट झपाट्याने फिरते. वॉटच्या घोड्याचे 2160 आठवले, तर नव्या इंजिनाच्या दांड्याहून त्या घोड्याच्या दांड्यावरचा पीळ सव्वाशे पटींच्या घरात होता, शक्ती मात्र इंजिनाच्या पाचव्या हिश्शाइतकी. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर जुन्याच्या मोहात आपण भलताच निष्कर्ष काढू. परिबल हे विनिमयाने मिळविता येते. इंजिनाला लहान पुली व यंत्राला मोठी पुली बसवून मधून पट्टा चढविला, की वेग घटतो व त्याच प्रमाणात पीळ वाढतो. पट्ट्याच्या घसरणीत थोडा तोटा सोसावा लागतो इतकेच. शक्ती मात्र कोणत्याही पुलीने वाढत नाही. म्हणून पाणी किती उपसले जाईल हे अखेरीस शक्तीच ठरविते. यंत्र अडेल की चालेल, हे परिबल ठरविते. चरकाला चालविणाऱ्याने परिबलाची चौकशी आधी करावी, आणि केंद्रोत्सारी पंप चालविणाऱ्याने ती केली नाही तरी सहसा भागते. कारण या पंपाला लागणारा पीळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आरंभी तो जवळजवळ काहीच मागत नाही, आणि इंजिनाने वेग घेतला की मग आपला भार घालू लागतो.

होडीच्या मागे लावायच्या मोटारीचा पंखाही याच जातीचा. अमेरिकेत ओले एव्हिन्रूड याने 1909 च्या सुमारास दीड अश्वशक्तीची अशी मोटार विक्रीस आणली. आजची मोटार मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेते व पाण्यातील पंख्यापर्यंत तो वेग दातेरी चाकांनी निम्म्यावर आणलेला असतो. इकडे आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले, तालुक्याला आपले नाव देणारे जुने आंबेगाव पाण्याखाली गेले, आणि विस्थापित आदिवासींपैकी काहींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साहाय्याने त्याच जलाशयावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. अशा जलाशयावर होडीला मोटार जोडायची झाली, तर निव्वळ अश्वशक्ती विचारून भागणार नाही. जाळी व माणसे यांनी भरलेली होडी वाऱ्याविरुद्ध हळूहळू रेटायची असेल, तर वेग अधिक उतरविणारी दातेरी चाके व मोठ्या व्यासाचा पंखा हवा. रिकामी होडी झपाट्याने न्यायची असेल, तर तोच आकडा धारण करणारी दुसरी मोटार बरी. बैलाची निवड करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागले नसते.

इंजिन आले त्याबरोबर गावगाड्याची कितीतरी नाती तुटली. मोट शिवणारा चर्मकार, घायपाताच्या वाखाचा नाडा वळणारा मातंग, चाक व कणा घडणारा सुतार, या सर्वांचे बलुते विहिरीच्या कामावर काही अंशी अवलंबून होते. पत्र्याच्या मोटा आल्या तेव्हाच चर्मकाराचा हिस्सा कमी झाला. इंजिनाने बाकीच्यांचाही गेला, आणि त्या जागी बलुत्यावर नव्हे तर रोख मजुरीवर काम करणारा मेस्त्री आला. सरकारी तगाई 1883 च्या जमीनसुधारणा कर्जाच्या व 1884 च्या शेतकरी कर्जाच्या कायद्यांपासून मिळत होती. पुढे सोसायटी आणि भूविकास बँक यांची कर्जे मिळू लागली, आणि इंजिन विहिरीवर चढण्याच्या आधीच त्याचा बोजा सातबाऱ्यावर चढू लागला.

याहून मोठा फरक भूगर्भात झाला. पाच अश्वशक्तींपैकी निम्मी शक्ती पंपात, पट्ट्यात व नळांत वाया गेली असे मानले, तरी 10 मीटर खोल विहिरीतून असे इंजिन मिनिटाला अकराशे लिटरांहून अधिक पाणी काढते. म्हणजे आपल्या कल्पिलेल्या मोटेसारख्या सात मोटा एकदम चालाव्यात इतके. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीसारखी भव्य बांधकामे शाहूकाळात झाली, ती राजघराण्याच्या द्रव्यावर; साध्या कुणब्याच्या एका मोटेच्या विहिरीला सात मोटांचा उपसा कसा सोसणार? मोट संथ होती म्हणूनच झरे विहीर भरून काढीत. बैलाचा थकवा हा त्या पाण्याचा रक्षक होता, असे माझे ठाम मत आहे. तो रक्षक गेला, विहिरी खोल झाल्या, विहिरींच्या तळाला आडवी-उभी बोअरे पडली, आणि पाणी जसजसे खाली गेले, तसतशी त्याच पाण्यासाठी अधिक अश्वशक्ती लागू लागली.

1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले व त्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी विजेचे खांब उभे राहिले. विजेच्या मोटारीचे गुण पुष्कळ. हँडल मारणे नाही, धूर नाही, खटका दाबला की पाणी. पण तिच्या परिबलाचा एक नियम शेतकऱ्याच्या फार मुळावर आला. या मोटारीचा पीळ विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दाब एक पंचमांशाने उतरला, तर पीळ एक पंचमांशाने नव्हे, तर जवळजवळ 36 टक्क्यांनी उतरतो. शंभराचे चौसष्ट राहतात. पंपाची मागणी तशीच राहते, मोटार ती पुरविण्यासाठी अधिक प्रवाह ओढते, वेटोळी तापतात आणि मोटार जळते. रोहित्रावर भार वाढलेला, साऱ्या शिवाराच्या मोटारी रात्रीच्या त्याच पाळीत सुरू होणार, आणि तारेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गरिबाच्या मोटारीला सर्वांत कमी दाब मिळणार. मग तालुक्याच्या बाजारपेठेत वायंडिंगच्या दुकानांपुढे जळालेल्या मोटारींची रांग लागली, तर दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाला देणे हा सरळ अन्याय होय. मोटारीच्या पाटीवर पाच किंवा साडेसात असे लिहिलेले होते. त्या विद्युतदाबाला ते खरे होते, आणि तो दाब तेथे नव्हता.

तरीही राज्यकारभाराने धरून ठेवले ते हेच एक माप. 1977 पासून कृषिपंपांच्या विजेची आकारणी मीटरवरील वापराऐवजी अश्वशक्तीवर ठोक दराने होऊ लागली आणि मोटस्थळाची जागा जणू अश्वशक्तीने घेतली. परिणामी पाटीवर आकडा कमी व आत तांबे अधिक, अशा मोटारींना गिऱ्हाईक मिळू लागले, आणि आकड्यावरील उरलासुरला विश्वासही उडाला. 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिलातून माफी मिळाली. त्याच साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच व त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, अशी जमिनीच्या क्षेत्रावरून वाटणी ठरली. क्षेत्रावरून ठरली, विहिरीच्या खोलीवरून नव्हे. आंबेगावच्या पश्चिमेला पाणी दोन पुरुषांवर लागते आणि पूर्वेला बोअरच्या तळाशीही पुरेसे लागत नाही. पण दोन्हीकडच्या दोन एकरांच्या खातेदारांना तीनच अश्वशक्तीचा पंप मिळतो. वरची उचल दुप्पट झाली की तितक्याच शक्तीत पाणी निम्मे येते, हे मोटकऱ्याला नाड्याच्या लांबीवरून कळत असे, आणि नवी विहीर पाडताना तो धावेची लांबी त्या बेतानेच आखून घेई.